आमचा की आपला?

आजचं वाचन : रूथ, अध्याय २, वचने १७ ते २३



आजच्या भागात रूथ दिवसभर सरवा वेचून, झोडपून, एफाभर सातू घेऊन घरी येते. नामी विचारते, आज कुठे वेचलंस? रूथ बवाजाचं नाव सांगते. ते ऐकताच, देवाने माझं जीवन कडू केलं असं म्हणणारी ही म्हातारी बाई परमेश्वराच्या नावाने आशीर्वाद देते. मग ती सुनेला सांगते की हा माणूस नात्यातला आहे आणि गोएलांपैकी आहे. गोएल म्हणजे वतन सोडवून घेण्याचा हक्क आणि जबाबदारी असलेला जवळचा आप्त.

नामीचं हे बोलणं हिब्रूत फक्त पाच शब्दांचं आहे : कारोव लानू हाईश, मिग्गोआलेनू हू. यातल्या दोन शब्दांच्या शेवटी जो 'नू' आहे, त्याच्याविषयी आज लिहायचं आहे. अक्षर लहान आहे, पण त्याच्या मागे एक मोठा प्रश्न उभा आहे.

मी हिब्रूचा पंडित नाही. निवृत्तीनंतर एका वृद्ध पाळकांकडे अक्षरओळख आणि थोडं व्याकरण शिकलो, एवढीच माझी तयारी. पण हा 'नू' पहिल्या महिन्यातच भेटतो. शब्दाला 'नू' लागला की 'आमचा' हा अर्थ येतो. अव म्हणजे बाप, अवीनू म्हणजे आमचा बाप. आख म्हणजे भाऊ, आखीनू म्हणजे आमचा भाऊ. असं मी वहीत लिहून घेतलं, तेव्हा पाळक म्हणाले, "'आमचा' लिहिलंत, पुढे 'किंवा आपला' असंही लिहा. हिब्रूत दोन्हीला एकच आहे."

बघा, मराठीत आपण हा फरक श्वास घेतल्यासारखा करतो. "आम्ही जेवलो" म्हटलं की ऐकणारा पंगतीत नव्हता. "आपण जेवू" म्हटलं की त्याचंही पान मांडलं. हिब्रूला हा फरक नाही. इंग्रजीला नाही, संस्कृतच्या 'वयम्'लाही नाही. दक्षिणेकडच्या भाषांत मात्र तो आहे. आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत एक तेलुगू बहीण येते, नवरा इथल्या एमआयडीसीत कामाला. तिला मी हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "आमच्यात पण आहे, मेमु आणि मनमु." आणि मग स्वतःच हसली, कारण ते सांगताना तिने 'आमच्यात' म्हटलं होतं.

आता अनुवादकाची अडचण लक्षात घ्या. मूळ वचनात दार ना उघडं ना बंद, तिथे दारच नाही. मराठीत आणताना मात्र दार बसवावं लागतं आणि ते उघडं ठेवायचं की लावायचं हेही ठरवावं लागतं.

काही ठिकाणी हे सोपं असतं. 'एलोहेनू' हाच शब्द घ्या. निर्गम ५:३ मध्ये मोशे आणि अहरोन फारोपुढे उभे राहून 'एलोहेनू'साठी यज्ञ करायला रानात जाऊ दे असं म्हणतात. ऐकणारा फारो. तो नुकताच म्हणाला आहे की हा परमेश्वर कोण, मी त्याला ओळखत नाही. तेव्हा मराठीत इथे 'आमचा देव' असंच पाहिजे. अनुवाद ६:४ मध्ये तोच मोशे इस्राएलाला हाक मारून पुन्हा 'एलोहेनू' म्हणतो. आता ऐकणारे त्याचेच लोक. इथे 'आपला देव' पाहिजे. हिब्रूत अक्षराचाही फरक नाही, मराठीत मात्र राजवाडा आणि घर इतका फरक.

त्याच अध्यायात पुढे, ६:२० पासून, मुलगा बापाला विचारतो की या विधींचा अर्थ काय? बापाने सांगायचं, 'अवादीम हायीनू', मिसरात फारोचे गुलाम होतो. कोण होतो? आम्ही की आपण? इतिहास म्हणून पाहिलं तर मुलगा तिथे नव्हता, आणि पुढच्या पिढ्यांत तर बापही नव्हता. तरी बाप "आम्ही गुलाम होतो" म्हणाला तर मुलगा नुसता श्रोता राहतो. "आपण गुलाम होतो" म्हणाला तर तोही त्या रात्री मिसरातून बाहेर पडतो.

यहुदी लोकांची वल्हांडणाच्या रात्री वाचायची जी पोथी आहे, हग्गादा, तिच्यात हाच मुद्दा उलट्या बाजूने येतो. तिथे चार मुलगे आहेत. त्यातल्या दुष्ट मुलाचा अपराध कोणता? तो विचारतो, ही सेवा 'तुम्हांला' कशासाठी? त्याने 'तुम्ही' म्हणून स्वतःला मंडळीतून वेगळं काढलं, एवढ्यावरून त्याला दुष्ट म्हटलं आहे. एका सर्वनामावरून माणसाची परीक्षा!

आणि हे काही दूरच्या देशातलं नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावोगाव शनवार तेली म्हणत कारण ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, त्यांची घरची भाषा मराठीच. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीतून छापली. १८७४ साली हिब्रू आणि मराठी अशी दोन्ही असलेली हग्गादा पुण्यात छापली गेली. म्हणजे हिब्रूचा 'नू' आणि मराठीचं 'आम्ही-आपण' यांची गाठ आपल्याच जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी पडलेली आहे.

दुसरी गाठ केडगावला. तळेगाव स्टेशनवरून लोकलने पुणे, तिथून दौंडकडच्या गाडीने केडगाव. तिथे मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी पन्नाशीकडे झुकलेल्या वयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल मराठीत आणलं. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बायकांनाही समजेल असं साधं मराठी त्यांना हवं होतं. तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवले, तिथेच छपाई झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर काम हातावेगळं झालेलं होतं. ज्या बाईला संस्कृतसाठी कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं, ती बाई विधवांच्या वस्तीत बसून रूथची गोष्ट, म्हणजे दोन विधवांची गोष्ट, मराठीत लिहीत होती. नामीच्या त्या पाच शब्दांपाशी त्यांनाही निवड करावी लागलीच असणार, कारण मराठी कोणालाच सूट देत नाही.

आता मूळ प्रश्न. अनुवाद ४:२ मध्ये आज्ञा आहे की वचनात भर घालू नका, काही कमीही करू नका. मग जे वचनाने सांगितलेलं नाही ते अनुवादकाने ठरवावं का? कोणी म्हणेल, टाळावं. 'तो जवळचा नातेवाईक आहे' एवढंच लिहावं, सर्वनामच गाळावं. पण मग 'लानू' गळालं, म्हणजे कमी केलं. 'आमचा' लिहिलं तर रूथला बाहेर ठेवलं, 'आपला' लिहिलं तर आत घेतलं. दोन्ही तऱ्हेने भर पडतेच. तेव्हा गप्प राहण्याची सोय नसेल, तर एकच मार्ग उरतो. जे ठरवायचं ते स्वतःच्या सोयीने ठरवू नये, आजूबाजूचं वचन काय साक्ष देतं ते पाहून ठरवावं आणि ठरवल्याची जबाबदारी घ्यावी.

साक्ष दोन्ही बाजूंनी आहे. 'आमचा'च्या बाजूने असं की बवाज अलीमलेखाच्या कुळातला. रूथ मवाबी, परदेशी. नामीने 'आमचा' म्हटलं तर कोणी तिला खोटं म्हणणार नाही. आणि लगेच पुढच्या, एकविसाव्या वचनात लेखक रूथला पुन्हा 'मवाबी' म्हणतो, जणू गाव विसरू देत नाही.

'आपला'च्या बाजूने काय? पहिल्या अध्यायाच्या शेवटी नामी बेथलेहेमात आली तेव्हा म्हणाली, मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. रूथ तिथेच शेजारी उभी होती! तरी नामीच्या बोलण्यात 'मी' आणि 'मला' एवढंच. दुसऱ्या अध्यायात ती रूथला 'बित्ती', माझ्या मुली, म्हणते. पण मुली म्हणणं मायेचं असतं, त्याने पदरचं काही जात नाही. वचन २० मध्ये पहिल्यांदा ती रूथशी बोलताना गोएलाला 'नू' लावते. म्हणजे जो हक्क, जी आशा तिच्या घराण्याची, ती सुनेपुढे ठेवते. पुढे ३:२ मध्ये बवाजाविषयी बोलताना ती पुन्हा 'मोदातानू' म्हणते, आणि तेही रूथचं घर बसावं म्हणून. सगळ्यात मोठी साक्ष रूथची स्वतःची. ३:९ मध्ये ती खळ्यात बवाजाला सांगते, तू गोएल आहेस. तिने तो 'नू' ऐकला आणि मी त्यात आहे असं धरून पाऊल टाकलं. सासू 'आमचा' म्हणाली असं तिला वाटलं असतं, तर ती रात्रीच्या खळ्यात गेली असती का?

म्हणून माझ्या अल्पबुद्धीला इथे 'आपला' योग्य वाटतो. तुमच्या घरातलं बायबल उघडून पाहा, तिथे काय आहे. जुनं-नवं, दोन भाषांतरं असतील तर शेजारी ठेवून पाहा.

पण थांबा. यावरून कोणी म्हणेल की 'आपण' म्हणजे प्रेम आणि 'आम्ही' म्हणजे भिंत. पवित्र शास्त्र इतकं सोपं नाही. निर्गम १:१० मध्ये फारो आपल्या लोकांना म्हणतो, चला, आपण यांच्याशी चतुराईने वागू. ते 'आपण'च आहे, आणि त्यातून विटांची गुलामी आणि लेकरांची हत्या निघाली. उत्पत्ती ३७ मध्ये भाऊ एकमेकांना म्हणतात, चला, आपण याला मारू. तेही 'आपण'. एकजूट झाली की ती चांगलीच असते असं नाही. ती कोणाच्या विरुद्ध झाली हे विचारावं लागतं. तेच भाऊ पुढे अंगरखा घेऊन बापाकडे जातात आणि म्हणतात, हा आम्हांला सापडला, तुमच्या मुलाचा आहे का बघा. 'आमच्या भावाचा' असं त्यांच्या तोंडून निघत नाही. वर्षांनंतर मिसरात, ४२:२१ मध्ये, ते आपसात कबूल करतात की भावाविषयी आपण अपराधी आहोत. तेव्हा तो 'आखीनू' परत येतो. आणि तो भाऊ समोरच बसून सगळं ऐकत असतो. मध्ये दुभाषी आहे, म्हणून त्याला समजत नाही असं त्यांना वाटतं.

तेव्हा कसोटी कोणती? मला वाटतं ही : 'आपला' म्हटल्यावर माझ्या वाट्यातलं काही कमी होतं का? होत असेल आणि तरी मी म्हणत असेन, तर तो 'आपला' खरा. काहीच जात नसेल तर तो नुसता गोड बोलण्याचा भाग.

हे मी जरा जोर देऊन म्हणतो, कारण माझा धंदाच तसा होता. वडगाव मावळला मी सव्वीस वर्षं दस्त लिहिले. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोड. दस्ताच्या भाषेत 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष, आणि मजकूर सगळा 'आम्ही' आणि 'तुम्ही'मध्ये. 'आपण सगळे' असा शब्द मी सव्वीस वर्षांत एकाही दस्तात लिहिलेला नाही. पण बाहेर बाकड्यावर, चहा पिताना, तोच शब्द सारखा ऐकला. "ताई, आपल्यातलंच आहे, सही कर." द्रुतगती मार्ग आला, एमआयडीसी आली, जमिनीला भाव आला, आणि बहिणींच्या हक्कसोडीचे दस्त वाढले. काही बहिणी राजीखुशीने सही करत, ते मी नाकारत नाही. काहींचा अंगठा कागदावर असे आणि डोळे दाराकडे.

आता तोच प्रश्न माझ्या घरात आहे. वडिलांच्या जमिनीचा कागद यंदा व्हायचा आहे. आम्ही तीन भाऊ, एक बहीण. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. तरी माझ्या भावांचं म्हणणं आहे की बहिणीने हक्कसोड द्यावं. त्यांचं म्हणणं अगदीच वावगं आहे असंही नाही. जमीन त्यांनी कसली, आईचं आजारपण त्यांनी काढलं, बहिणीच्या लग्नाचं कर्ज त्यांनीच फेडलं. आणि बहीण काय म्हणते? "दादा, आपल्यात कशाला वाद? मी सही करते." तिचं 'आपल्यात' खरं आहे, कारण त्यात तिचं जाणार आहे. मला प्रश्न पडतो आमच्या 'आपल्यात'चा. तिच्या त्या शब्दावर आम्ही तिघांनी जमीन घेतली, तर आम्ही त्या शब्दाचं काय केलं? मी भावांना सांगितलं आहे की हा दस्त मी लिहिणार नाही आणि माझ्यासाठी सोडलेला तिचा हिस्सा घेणार नाही. कसणाऱ्याचा खर्च, आईची सेवा, हे सगळं हिशेबात धरून वाटणी करू, पण चार नावांची करू. अजून ठरलेलं नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा.

रूथच्या चौथ्या अध्यायात हाच हिशेब वेशीवर होतो. बवाज दुसऱ्या, अधिक जवळच्या गोएलाला सांगतो की 'आखीनू', आपला भाऊ अलीमलेख, याची जमीन आहे. तो म्हणतो, सोडवतो. जमीन म्हटल्यावर लगेच तयार. मग बवाज सांगतो की जमिनीबरोबर मवाबी रूथही येते, मेलेल्याचं नाव वतनावर राहायला पाहिजे. तेव्हा तो म्हणतो, मला नाही जमणार, माझ्या वतनाचं नुकसान होईल. 'नखलाती', माझं वतन. पायातला जोडा काढून देतो, म्हणजे त्या काळचं हक्कसोडच. लेखकाने या माणसाचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. ४:१ मध्ये त्याला 'पेलोनी अल्मोनी' म्हटलं आहे, मराठीत म्हणायचं तर अमुकतमुक. ज्याने वतन राखलं त्याचं नाव गेलं. ज्याने परक्या बाईला आत घेतलं तो बवाज, आणि ती मवाबी रूथ, यांची नावं मत्तय १:५ मध्ये आपल्या प्रभूच्या वंशावळीत आहेत.

शेवटी एक गोष्ट. प्रार्थनेत आपण देवाला 'हे आमच्या पित्या' म्हणतो, 'आपल्या पित्या' म्हणत नाही. बरोबरच आहे, ऐकणारा तो स्वतः आहे, तो लेकरांमध्ये मोजला जात नाही. पण त्यामुळे एक मजा होते. देवापुढे उभे राहिलो की आपण सगळेच 'आम्ही' होतो. पर्मनंट आणि कंत्राटी, गाववाले आणि बाहेरून आलेले, भाऊ आणि बहीण, सासू आणि सून, सगळे एकाच बाजूला. तिथे कोणाला वगळून 'आम्ही' म्हणायला जागाच नाही.

आज विचार करण्यासाठी : या आठवड्यात तुम्ही कोणाला 'आपला' म्हणालात? त्यात तुमचं काय गेलं?

प्रार्थना : हे प्रभू, आमची जीभ सहज 'आपला' म्हणते, आमचा हात मात्र 'माझा' लिहितो. दोन्ही एक कर. ज्यांनी आमच्यावर विश्वास ठेवून हक्क सोडला, त्यांचा हिशेब आमच्याकडून माग. रूथला आत घेणाऱ्या नामीचं मन आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.